राजीनामा आमचा पक्का, मग नियुक्तीचा शब्द कच्चा का?

प्रति,
पुणे परिसरातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांचे सर्व प्रमुख,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे

विषय: ऑफर लेटर मागे घेणे, पगाराच्या आकड्यांतील अस्पष्टता आणि भरतीच्या इतर प्रथांबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी मूळची सोलापूरची असून बरीच वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात नोकरी करत आले आहे. काही दिवसांपूर्वी माझ्या हाती असलेले एका कंपनीचे ऑफर लेटर, रुजू होण्याच्या तारखेला आठवडाही उरलेला नसताना, दोन ओळींच्या ईमेलने मागे घेण्यात आले. व्यवसायाच्या गरजा बदलल्यामुळे हे पद आता उपलब्ध नाही, एवढेच त्यात लिहिले होते. तोपर्यंत मी जुन्या कंपनीचा राजीनामा देऊन नोटीस पिरियड जवळजवळ पूर्ण केला होता, माझे काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवून झाले होते आणि माझ्या जागी नवी नेमणूकही झाली होती. त्यामुळे परतीचा रस्ता बंद झाला होता. त्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही. तिच्याशी माझा पत्रव्यवहार स्वतंत्रपणे चालू आहे, आणि असा अनुभव एकाच कंपनीपुरता मर्यादित नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या परिचयातील अनेकांना हेच अनुभव आले आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण पुढच्या मुलाखतीत अडचण नको म्हणून गप्प राहिले आहेत. मला गप्प राहणे मान्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

ऑफर मागे घेतली गेली म्हणजे नेमके काय होते, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या बाजूने तो प्रणालीत बदलला जाणारा एक शेरा असतो. गृहकर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून जातोच. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आई-वडिलांची नावे असतील, तर ते संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते आणि सत्तरीतल्या माणसाला नवा विमा सहजासहजी मिळत नाही. मुलांच्या शाळेची फी भरण्याची वेळ असते. आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत 'तुम्ही दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा का दिलात' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, जणू काही तो निर्णय उतावीळपणाचा होता.

यातली सर्वांत अन्यायकारक बाब अशी की राजीनामा देण्याचा आग्रह आपलाच असतो. ऑफर स्वीकारल्यावर थोड्याच दिवसांत आपल्या पोर्टलवर राजीनामा मंजूर झाल्याचा ईमेल अपलोड करण्यास सांगितले जाते, आणि तो वेळेत न दिल्यास ऑफर रद्द होऊ शकते अशी सूचनाही दिली जाते. म्हणजे उमेदवाराने आपला मागचा दोर आधी कापावा, त्याचा पुरावा आपल्याकडे जमा करावा, आणि त्यानंतर आपण त्याची पार्श्वभूमी तपासणार, पदाच्या खर्चाला वरची मंजुरी आहे का ते पाहणार, ग्राहकाचा प्रकल्प सुरू होतो का याची वाट पाहणार. या सगळ्या तपासण्या उमेदवाराला राजीनामा द्यायला सांगण्याआधी होणे शक्य आहे. त्या नंतर केल्या जातात याचे एकच कारण मला दिसते, ते म्हणजे अनिश्चिततेचा सगळा भार उमेदवाराने उचलावा अशी व्यवस्था आपण सोयीची मानली आहे.

कायद्याचा आधार शोधावा तर तिथेही पोकळी आहे. औद्योगिक विवादांचा जुना कायदा कामगाराला संरक्षण देत असे, आणि त्याची जागा घेतलेली नवी संहिताही देते. पण पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांहून अधिक असेल, तर नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार तो कामगाराच्या व्याख्येत बसत नाही, आणि आपल्या क्षेत्रात टीम लीडच्या पातळीला पोहोचलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या मर्यादेच्या पलीकडे आहे. शिवाय जो अजून रुजूच झालेला नाही, तो नव्या कंपनीचा कर्मचारी नसतो आणि जुन्या कंपनीचाही उरलेला नसतो. त्याच्यापुढे दिवाणी न्यायालयाचा मार्ग असतो, आणि हप्ते थकलेल्या माणसाने वर्षानुवर्षे चालणारा दावा लढावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयीच्या नव्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले, ही चांगली गोष्ट आहे. मात्र नियुक्तिपत्राच्या आधीच्या त्या अधांतरी महिन्यांबद्दल ती काही सांगत नाही.

नव्याने पदवी घेतलेल्या मुलांची अवस्था तर याहून कठीण आहे. २०२२ मध्ये कॅम्पसमधून निवडलेल्या अनेक मुलांना रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षे ताटकळत ठेवले गेले, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. लातूर, सोलापूर, जळगाव अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत एका कंपनीत निवड झाली की त्या मुलाला पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतींना बसू न देण्याचा नियम बहुतेक ठिकाणी असतो. त्यामुळे आपण दिलेले पत्र त्याच्यासाठी बाकीची सगळी दारे बंद करते. गावात पेढे वाटले गेलेले असतात, शैक्षणिक कर्जाची परतफेड सुरू होण्याची वेळ येते, आणि आपल्याकडून ईमेल येतो तो केवळ आणखी थोडी वाट पाहण्याचा.

आता नोटीस पिरियडविषयी. या क्षेत्रात तो नव्वद दिवसांचा झाला आहे आणि तो कमी करण्याची तयारी कोणत्याही कंपनीची दिसत नाही. त्याच कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र लगेच रुजू होणाऱ्यांना प्राधान्य असे लिहिलेले असते. आपल्या माणसाला तीन महिने सोडायचे नाही आणि दुसऱ्याचा माणूस पंधरा दिवसांत हवा, ही अपेक्षा एकाच विभागाकडून एकाच आठवड्यात व्यक्त होते. कित्येक नियुक्तिपत्रांत कर्मचाऱ्याने तीन महिने आधी कळवावे असे कलम असते, आणि कंपनीने काढायचे ठरवल्यास एका महिन्याचा पगार पुरेसा मानलेला असतो. दोन्ही पक्षांना समान मुदत का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणत्याही एचआर अधिकाऱ्याकडून मिळालेले नाही.

आपली याबाबतची तक्रार मी जाणते आणि ती खरी आहे. काही उमेदवार तीन-तीन ऑफर हातात ठेवतात, एकीचा आकडा दाखवून दुसरीकडून वाढवून घेतात आणि रुजू होण्याच्या दिवशी फोनही उचलत नाहीत. त्यामुळे भरती करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाते. मी अशा वागण्याचे समर्थन करणार नाही. परंतु नव्वद दिवसांच्या त्या काळात आपली ऑफर टिकेल याची खात्री कोणालाच नसेल, तर माणूस दुसरी ऑफर राखून ठेवणारच, आणि तीस दिवसांत रुजू होता आले असते तर तीन ऑफर गोळा करायला वेळच उरला नसता. हा दोष दोन्ही बाजूंच्या अविश्वासातून आलेला आहे आणि तो कमी करण्याची सुरुवात ज्याच्या हाती नियम बनवण्याचा अधिकार आहे त्यानेच करावी लागेल.

पगाराच्या आकड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण येथे अनुभवी माणसेही फसतात. समजा, एखाद्याला वर्षाला १२ लाख रुपये सीटीसीची, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाची, ऑफर मिळाली. घरी सांगताना तो महिना एक लाख असे सांगतो. प्रत्यक्षात मूळ वेतन निम्मे, म्हणजे वर्षाला ६ लाख धरले, तर त्यावर १२ टक्के दराने कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा ७२,००० रुपये होतो आणि तो या १२ लाखांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६० रुपये, त्यातच धरलेले असतात. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के धरला तर १,२०,००० रुपये बाजूला जातात, आणि विम्याचा हप्ता १५,००० रुपये धरू. उरतात ९,६४,१४० रुपये, म्हणजे महिना ८०,३४५. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा ६,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० वजा होतो, तो कर फेब्रुवारीत ३०० होतो. प्राप्तिकर शून्य आहे असे मानले तरी हातात ७४,१४५ रुपये पडतात.

भविष्य निर्वाह निधीचे पैसे कर्मचाऱ्याच्याच नावावर साठतात, त्याबद्दल तक्रार नाही. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी आहे. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, आणि आपल्या क्षेत्रात पाच वर्षांच्या आत कंपनी सोडणारे पुष्कळ आहेत. जे पैसे त्याला बहुधा कधीच मिळणार नाहीत, ते त्याच्या पगारात मोजून दाखवणे योग्य नाही. कामगिरीवर आधारित भागाचेही तसेच. तो गेल्या तीन वर्षांत सरासरी किती टक्के दिला गेला, हे मुलाखतीत विचारले तर 'साधारणपणे पूर्ण मिळतो' असे तोंडी उत्तर मिळते. लेखी मागितले की ते कंपनीच्या धोरणात बसत नाही. जॉइनिंग बोनसच्या बाबतीत तर कर कापून हातात कमी रक्कम येते, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम परत मागितली जाते. ही अट ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

यापुढची तक्रार माझ्या मते सर्वांत खोलवर परिणाम करणारी आहे. मुलाखतीच्या पहिल्याच फोनवर, कामाबद्दल एक शब्द बोलण्याआधी, सध्याचा पगार विचारला जातो. नंतर मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि पुष्कळदा बँकेचे खातेउतारे मागितले जातात. त्यानंतर सध्याच्या आकड्यावर वीस किंवा तीस टक्के वाढ, अशी ऑफर बनते. पदाचे मोल काय, ते काम करण्याची पात्रता किती, हा प्रश्न मागे पडतो. ज्याची सुरुवात तीन-साडेतीन लाखांच्या पॅकेजवर झाली, आणि नवोदितांचे हे पॅकेज आपल्या क्षेत्रात दशकभरात फारसे हललेले नाही, त्याच्या मागे तो आकडा प्रत्येक नोकरीत येतो. बाळंतपणानंतर दोन वर्षे घरी राहून परतलेल्या बाईला जुन्या पगाराच्याही खाली बोलावले जाते आणि तीही अडचणीत असल्याने मान डोलावते. पुढची दहा वर्षे तिच्या शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा माणूस तिच्याहून जास्त घेतो, आणि दोघांचेही पगार गोपनीय ठेवण्याचे कलम नियुक्तिपत्रात असल्यामुळे तिला ते कळतही नाही.

जगात याचा विचार झालेला आहे. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून आणि कॅलिफोर्निया राज्याने २०१८ पासून उमेदवाराला पूर्वीचा पगार विचारण्यास मनाई केली आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश संमत केला, त्यानुसार पूर्वीचा पगार विचारता येत नाही आणि पगाराची बोलणी सुरू होण्याआधी त्या पदाचा वेतनपट्टा उमेदवाराला सांगावा लागतो. सदस्य देशांनी तो आपल्या कायद्यात आणण्याची मुदत ७ जून २०२६ अशी ठरवलेली आहे. आपल्यापैकी कित्येक कंपन्यांची कार्यालये आणि ग्राहक याच ठिकाणी आहेत. तेथील उमेदवाराला जो मान आपण कायद्याच्या धाकाने देणार आहात, तो हिंजवडीतल्या उमेदवाराला स्वेच्छेने द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. बँकेच्या उताऱ्यात तर माणसाचे सगळे घर असते. वडिलांच्या डायलिसिसचे पैसे कुठे गेले, बहिणीला किती पाठवले, कोणत्या महिन्यात चेक परत आला, हे एका अनोळखी भरती अधिकाऱ्याने पाहण्याचे काही कारण नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच असा आहे की सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी.

स्त्रियांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल थोडक्यात लिहिते. लग्न कधी करणार, मूल कधी, नवऱ्याची बदली होते का, सासूबाई मुलांना सांभाळतात का, हे प्रश्न मला विचारले गेले आहेत आणि माझ्या वयाच्या कोणत्याही सहकाऱ्याला, तो पुरुष असल्यास, विचारले गेलेले नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, त्याचा खर्च आणि गैरसोय टाळण्यासाठी हे प्रश्न येतात, हे उघड आहे. वेतन संहिता समान कामासाठीच्या भरतीत लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करते. १९७६ च्या समान मोबदला कायद्यातही हेच होते. मुलाखत घेणाऱ्या व्यवस्थापकांना हे प्रश्न विचारता येणार नाहीत, असे लेखी सांगणे हे आपल्या विभागाचे काम आहे.

नोकरी सोडल्यानंतरच्या हिशेबाबाबत कायदा आता स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. तरीही पंचेचाळीस दिवस लागतील असे सांगण्याची सवय सुटलेली नाही, आणि त्या हिशेबाशी रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, जोडून ठेवलेले असते. ते पत्र नसेल तर पुढची कंपनी रुजू करून घेत नाही. वसुलीवर वाद असेल तर तो वेगळा चालवावा. माणसाने अमुक तारखेपर्यंत येथे काम केले, या वस्तुस्थितीचा दाखला अडवून धरणे हा दबाव आहे. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या, नवोदितांकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या बाँडविषयीही एवढेच म्हणेन की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात किमान सेवेची अट वैध ठरवली असली, तरी ती बँकेच्या विशिष्ट भरती प्रक्रियेच्या खर्चाचा विचार करून. त्या निकालाकडे बोट दाखवून कोणत्याही चार आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मनाला येईल तो आकडा लिहिता येत नाही, आणि मुलांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे तर कोणत्याही परिस्थितीत थांबले पाहिजे.

आपल्या विभागात काम करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही. मला ऑफर मागे घेतल्याचे कळवणारी मुलगी स्वतः एका पुरवठादार संस्थेमार्फत कंत्राटावर होती, आणि तिला फोनवर बोलताना रडू आवरत नव्हते. निर्णय तिचा नव्हता. तो ज्यांच्या अधिकारात आहे, त्यांच्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

पार्श्वभूमीची तपासणी आणि पदाची आर्थिक मंजुरी पूर्ण झाल्याशिवाय कोणाकडूनही राजीनाम्याचा पुरावा मागू नये. राजीनाम्यानंतर कंपनीच्या कारणाने ऑफर मागे घेतली, तर उमेदवाराच्या जुन्या नोटीस पिरियडइतका पगार, नव्या ऑफरच्या दराने, भरपाई म्हणून द्यावा आणि तसे कलम ऑफर लेटरमध्येच छापावे. कॅम्पसमधून निवडलेल्यांना रुजू होण्याची तारीख द्यावी आणि ती ओलांडल्यास दरमहा निर्वाहभत्ता द्यावा. नोटीस पिरियड दोन्ही पक्षांना समान आणि तीस दिवसांचा असावा. ऑफरसोबत दरमहा हातात पडणारी रक्कम एका वेगळ्या तक्त्यात द्यावी, त्यात ग्रॅच्युइटी मोजू नये, आणि कामगिरीवर आधारित भागाचे मागील तीन वर्षांचे प्रत्यक्ष वाटपही लिहावे. जाहिरातीत वेतनपट्टा द्यावा. सध्याचा पगार आणि बँकेचे उतारे मागणे बंद करावे. शेवटच्या दिवशीच रिलिव्हिंग लेटर द्यावे. आणि मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला, निवड झाली नाही तरी, पंधरा दिवसांत लेखी कळवावे; त्याने त्यासाठी रजा टाकलेली असते, कधी घरी बसून दोन-तीन दिवस राबून आपण दिलेला चाचणी प्रकल्प पूर्ण केलेला असतो.

यांतल्या कोणत्या गोष्टी आपली कंपनी पुढच्या भरतीपासून करणार आहे, ते आपल्या भरतीच्या संकेतस्थळावर जाहीर करावे. ज्या गोष्टी करणे शक्य नाही, त्यांची कारणेही तेथेच द्यावीत, म्हणजे अर्ज करणाऱ्याला आधीच ठरवता येईल.

या पत्राची प्रत मी राज्याच्या कामगार आयुक्तांना पाठवत आहे. ऑफर लेटर स्वीकारून राजीनामा दिलेला, परंतु अद्याप रुजू न झालेला उमेदवार कोणत्याही कामगार कायद्याच्या कक्षेत येत नाही, ही उणीव दूर करण्यासाठी राज्य शासनाने तरतूद करावी आणि तोपर्यंत अशा तक्रारी नोंदवून घेण्यासाठी पुणे कार्यालयात एका अधिकाऱ्याची नेमणूक करावी, अशी मागणी मी त्यांच्याकडे केली आहे.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर चाचणी अभियंता